भित्तिचित्रांचे जर्मन चित्रग्रंथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य आशियातील बौद्ध गुहांमधल्या भित्तिचित्रांचे भव्य आकाराचे ग्रंथ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्लिनहून प्रसिद्ध झाले. अजिंठ्याचा, बौद्ध कलेचा किंवा जुन्या मुद्रणकलेचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांची नावे कधी ना कधी भेटतातच. परंतु ग्रंथ जर्मनमध्ये असल्याने आणि त्यांच्या प्रती मोजक्या ग्रंथालयांत असल्याने त्यांच्याविषयी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती देताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवली आहे: यांतील कित्येक चित्रांचे मूळ आता जगात उरलेले नाही. त्यामुळे छापील पान कसे तयार झाले हे ठाऊक असल्याखेरीज त्या पानावरून काही सिद्ध करू पाहणे धोक्याचे ठरते.

भित्तिचित्रांचा चित्रग्रंथ म्हणजे नेमके काय?

भिंतीवरील चित्रे कागदावर उतरवून, ती मोठ्या आकाराच्या प्लेटच्या, म्हणजे स्वतंत्र पानभर चित्रांच्या, रूपाने छापून आणि सोबत वर्णनात्मक मजकूर देऊन काढलेला ग्रंथ, असे स्थूलमानाने म्हणता येईल. प्लेट बहुधा कागदाच्या एकाच बाजूला छापलेल्या असतात. काही वेळा त्या बांधणी न करता सुट्याच फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात, म्हणजे दोन प्लेट शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. मजकूर कधी त्याच खंडात, कधी वेगळ्या खंडात असतो. येथे मुख्य काम चित्र करते आणि मजकूर त्याच्या आधाराने चालतो, हा या ग्रंथांचा आणि सामान्य सचित्र पुस्तकांचा फरक आहे.

जर्मनीतच ही परंपरा एवढी का रुजली?

याची दोन कारणे ठळक आहेत. पहिले तंत्राचे. दगडावरून छपाई करण्याची, म्हणजे आपल्याकडे शिळाछाप या नावाने रूढ झालेली पद्धत आलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये शोधून काढली. छायाचित्रावरून, जाळीचे ठिपके न वापरता छपाई करण्याची कोलोटाइप पद्धत योझेफ आल्बर्ट याने १८६८ च्या सुमारास म्युनिकमध्येच व्यवहारात आणली, आणि ठिपक्यांच्या जाळीवर आधारलेल्या हाफटोनचे पेटंट गेओर्ग माइझनबाख याने १८८२ मध्ये घेतले. चित्र छापण्याच्या या तीनही वाटा एकाच प्रदेशातून निघाल्या असल्याने तेथील प्रकाशकांकडे कुशल कारागीर होते आणि महागडे काम हाती घेण्याची सवयही होती.

दुसरे कारण संस्थात्मक आहे. राजदरबार, अकादमी आणि संग्रहालये अशा ग्रंथांचा खर्च उचलत. विल्हेल्म त्सान याने पाँपेई, हर्क्युलेनियम आणि स्टाबिए या इटलीतील प्राचीन रोमन नगरांतील चित्रांचा व अलंकरणाचा ग्रंथ १८२८ ते १८५९ या काळात बर्लिनहून काढला. तीन मालिका, प्रत्येक मालिकेचे दहा भाग आणि एकूण ३०० प्लेट असा त्याचा विस्तार होता. त्यातील रंगीत प्लेट या रंगीत शिळाछापाच्या अगदी आरंभीच्या उत्तम नमुन्यांपैकी आहेत. वृद्ध जर्मन कवी गटे याने त्सानच्या कामाचे जाहीर कौतुक केले होते. प्राचीन इजिप्तचा अभ्यासक लेप्सियस याच्या १८४२ ते १८४५ या इजिप्त मोहिमेतून ८९४ प्लेटचा प्रचंड ग्रंथ निघाला. पुढे योझेफ विल्पर्ट याने रोमच्या भुयारी दफनभूमींतील चित्रांवर १९०३ मध्ये २६७ प्लेटचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्य आशियाचे ग्रंथ आले ते या तयार वाटेवरून.

मध्य आशियाच्या ग्रंथांपैकी सर्वांत महत्त्वाचा कोणता?

आमच्या मते ‘खोचो’. तेथील जर्मन मोहिमांतला संशोधक आल्बर्ट फॉन ले कॉक याने संपादित केलेला हा ग्रंथ १९१३ मध्ये बर्लिनच्या डीट्रिश रायमर या प्रकाशनाने काढला. त्यात ७५ प्लेट आहेत. आजच्या चीनमधील शिनजियांग प्रांतात, तुर्फान शहराजवळ खोचो, म्हणजेच गाओचांग या जुन्या नगराचे अवशेष आहेत. त्यावरून ग्रंथाला हे नाव मिळाले. परंतु त्यातली सर्वांत प्रसिद्ध चित्रे खुद्द नगरातली नसून जवळच्या दरीतील बेझेकलिक येथील गुहामंदिरांतली आहेत.

‘खोचो’मध्ये काय पाहायला मिळते?

बेझेकलिकच्या ज्या मंदिराला त्या जर्मन मोहिमांनी नववा क्रमांक दिला होता, त्याच्या गर्भगृहाभोवती प्रदक्षिणामार्ग होता आणि त्या मार्गाच्या भिंतींवर पंधरा प्रणिधिचित्रे होती. प्रणिधी म्हणजे बोधी प्राप्त करण्याचा संकल्प. प्रत्येक चित्राच्या मध्यभागी पुरुषभर उंचीपेक्षाही मोठा असा पूर्वकाळातील एखादा बुद्ध उभा आहे आणि त्याच्या पायाशी राजा, ब्राह्मण किंवा व्यापारी यांच्या रूपात, आपल्या पूर्वजन्मातला शाक्यमुनी नतमस्तक आहे. ही चित्रे सुमारे तीन मीटरहून अधिक उंच होती आणि त्यांचा काळ साधारणपणे नववे ते बारावे शतक मानला जातो, म्हणजे तुर्फानवर उइगुर राज्यकर्त्यांची सत्ता असतानाचा.

त्यातली व्यापाऱ्यांची प्लेट समोर ठेवून पाहावी. बुद्धाच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकून बसलेल्या माणसांच्या हातांत तबके आहेत आणि तबकांत तोंड बांधलेल्या थैल्या रचलेल्या आहेत. कोणाची दाढी लालसर आहे, कोणाचे डोळे निळसर आहेत, नाक धारदार आहे. पश्चिमेकडून आलेल्या व्यापाऱ्यांचे चेहरे चित्रकाराच्या चांगले परिचयाचे असावेत. खाली कोपऱ्यात लादलेला उंट आणि गाढव आहे. देवलोक, पूर्वजन्म आणि बाजाराच्या वाटेवरची जनावरे अशी एकाच चौकटीत बसवलेली पाहिली म्हणजे त्या चित्रकाराच्या नजरेचा आवाका कळतो.

आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे चित्रांच्या वरच्या बाजूला ब्राह्मी लिपीत लिहिलेले संस्कृत श्लोक. बुद्ध आपल्या पूर्वजन्मांविषयी बोलतो आहे असे त्यांचे स्वरूप आहे: मी अमुक जन्मी राजा असताना, व्यापारी असताना, अमुक बुद्धाची पूजा केली. हाइनरिश ल्यूडर्स या संस्कृतज्ञाने १९१३ मध्ये त्यांचे वाचन प्रसिद्ध केले आणि त्यामुळे कोणते चित्र कोणत्या बुद्धाचे हे निश्चित करणे शक्य झाले.

ग्रंथात केवळ बौद्ध चित्रे नाहीत. खोचो नगरातील मानी पंथाच्या, म्हणजे इराणमध्ये मानी या धर्मसंस्थापकाने सुरू केलेल्या धर्माच्या, वास्तूतील एका भिंतीवरचे उंच पांढरी टोपी घातलेल्या धर्मगुरूचे चित्र त्यात आहे. ले कॉकला तो खुद्द मानी वाटला होता, परंतु नंतरचे अभ्यासक त्याला उच्च पदावरील धर्मगुरू इतकेच म्हणणे पसंत करतात. नगराबाहेरील ख्रिस्ती प्रार्थनास्थळातून मिळालेले, हातात फांद्या घेतलेल्या भाविकांचे छोटे चित्रही त्यात आहे. तीन धर्मांच्या भिंती एका नगराच्या परिसरात होत्या, हे ‘खोचो’ची पाने उलटताना जितके ठसते तितके दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात ठसत नाही.

ग्रंथाच्या उपशीर्षकात ‘पहिली मोहीम’ असे आहे. पण ती तर दुसरी होती ना?

होय. तुर्फानकडे एकूण चार जर्मन मोहिमा गेल्या. १९०२–०३ ची पहिली मोहीम आल्बर्ट ग्रुनवेडेल याच्या नेतृत्वाखाली होती आणि तिच्या खर्चाचा मोठा भाग उद्योगपती क्रुप आणि संग्राहक जेम्स सायमन अशा देणगीदारांनी उचलला होता. १९०४ मध्ये निघालेली दुसरी, ले कॉकची मोहीम प्रशियाच्या राज्याच्या नावाने व खर्चाने निघाली, म्हणून ती ‘पहिली शाही प्रशियन मोहीम’ ठरली. तिसरी १९०५ ते १९०७ आणि चौथी १९१३–१४ मधली. ग्रंथसूचीत मोहिमांचे दोन क्रमांक दिसले तर घोटाळा करून घेऊ नये.

भिंतीवरची चित्रे बर्लिनला नेली कशी?

ही पद्धत स्वतः ले कॉकनेच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे. तेथील भिंतींवर चिखल, उंटाचे शेण, बारीक केलेला पेंढा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा असे, त्यावर पांढऱ्या लेपाचा पातळ थर देऊन चित्र रंगवलेले असे. प्रथम धारदार सुरीने चित्राभोवती गिलाव्यात खोल रेषा कापली जाई, आणि ती चेहऱ्यांवरून किंवा महत्त्वाच्या भागांवरून जाऊ नये म्हणून गरजेप्रमाणे वळवली जाई. तुकडा किती मोठा काढायचा हे वाहनावर ठरे: बैलगाडीसारख्या गाडीवर मोठी पेटी चाले, उंटावर त्याहून लहान, घोड्यावर सर्वांत लहान. मग कुदळीने बाजूला खड्डा करून तेथून लांब पात्याची करवत गिलाव्यामागे घातली जाई. गिलावा कच्चा असेल तर नमदा लावलेली फळी चित्रावर घट्ट दाबून धरायला माणसे उभी राहत आणि तुकडा सुटला की फळीसकट हळूहळू खाली घेत. हे काम प्रामुख्याने थिओडोर बार्टुस या संग्रहालयाच्या तंत्रज्ञाने केले. चारही मोहिमांना गेलेला तो एकमेव माणूस होता. नंतर फळ्या, वाळलेले बोरू, नमदा आणि कापूस यांचे थर देऊन पेट्या भरल्या जात. बेझेकलिकची मोठी चित्रे वीस महिन्यांच्या प्रवासानंतर बर्लिनला पोचली, असे ले कॉक लिहितो.

ती काढून नेणे योग्य होते का?

हा प्रश्न आजचा नाही. मोहिमेतच त्यावर मतभेद होते. ग्रुनवेडेलला गुहा हा अभ्यासाचा एकसंध घटक वाटे. कोणते चित्र कोणत्या भिंतीवर, कशाच्या समोर, कोणत्या उंचीवर आहे यातच त्याचा अर्थ असतो, म्हणून प्रत्येक गुहेचे मोजमाप घ्यावे, चित्रांची रेखाटने व ट्रेसिंग करावे आणि भिंती शक्यतो तशाच ठेवाव्यात, अशी त्याची भूमिका होती. ले कॉकचे म्हणणे वेगळे होते. शेतकरी रंगीत गिलावा खत म्हणून शेतात टाकतात, कालव्यांच्या पाण्याने ओल चढते, माणसांच्या आकृत्यांचे डोळे व तोंडे खरवडली जातात. तेव्हा चित्रे तेथे ठेवणे म्हणजे ती नष्ट होऊ देणे, असा त्याचा युक्तिवाद होता.

ले कॉकने सांगितलेले धोके खरे होते, हे मान्य करावे लागते. तरीही आमचे मत ग्रुनवेडेलच्या बाजूचे आहे. प्रदक्षिणामार्गातून चालताना एकामागून एक दिसणारी पंधरा चित्रे ही एक रचना होती, आणि तिचे तुकडे करताना ज्यांच्या भूमीत ती होती त्या लोकांना कोणी विचारले नाही. आज तेथे कापलेल्या भिंती पाहणाऱ्या चिनी आणि उइगुर लोकांचे दुःख समजण्यासारखे आहे. सुरक्षिततेचा युक्तिवाद तर बर्लिनमध्येच कोसळला, ते पुढच्या प्रश्नात येतेच.

मूळ चित्रे आज कोठे आहेत?

बेझेकलिकच्या सर्वांत मोठ्या चित्रांचे तुकडे बर्लिनच्या लोकसंस्कृती संग्रहालयात जोडून भिंतींमध्ये कायमचे बसवले होते. दुसऱ्या महायुद्धात वस्तू हलवण्याची वेळ आली तेव्हा ती काढता आली नाहीत. १९४३ पासून शहरावर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत संग्रहालयाची इमारत पुन्हा पुन्हा सापडली आणि ती चित्रे नष्ट झाली. त्यांच्यासाठी ‘खोचो’च्या प्लेट, जुनी छायाचित्रे आणि इतरत्र विखुरलेले थोडे तुकडे एवढाच आधार उरला आहे.

लहान चित्रे सुरक्षित ठिकाणी हलवली होती. त्यांतली बरीच वाचली आणि आज बर्लिनच्या आशियाई कला संग्रहालयात आहेत. या संग्रहालयाची दालने २०२१ पासून हुम्बोल्ट फोरममध्ये आहेत. युद्धाच्या शेवटी काही वस्तू सोव्हिएत सैन्याने नेल्या आणि हरवल्या असे समजलेली काही चित्रे पुढे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात असल्याचे उघड झाले. बेझेकलिकचे इतर देशांच्या मोहिमांनी नेलेले भाग दिल्ली, टोकियो आणि सोल येथेही आहेत. क्योतोच्या र्‍युकोकू विद्यापीठाच्या संग्रहालयात त्या प्रदक्षिणामार्गाचा काही भाग मूळ आकारात पुन्हा उभा केला आहे, आणि त्यासाठी ‘खोचो’च्या प्लेटचा आधार घेतला आहे.

अजिंठ्याशी याचा काही संबंध आहे का?

चित्रपरंपरेच्या दृष्टीने आहे. शिनजियांगमधल्याच कुचा परिसरातील किझिलच्या गुहांमध्ये जातककथा आणि बुद्धचरित्र यांचे जे विषय रंगवलेले आहेत, त्यांतले अनेक अजिंठ्यातही भेटतात. मात्र शैली सरळ अजिंठ्याहून उचललेली नाही. गांधार, इराण आणि स्थानिक चित्रकार यांचा वाटा मोठा आहे. ग्रुनवेडेल मुळात भारतीय बौद्ध कलेचा अभ्यासक होता आणि त्या विषयावरचे त्याचे पुस्तक १८९३ मध्येच निघाले होते, त्यामुळे भारताशी तुलना त्याच्या लिखाणात सतत येते.

प्रतिकृतींच्या इतिहासाच्या दृष्टीने तर हा संबंध फारच बोलका आहे. रॉबर्ट गिल याने १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती केल्या; त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात हे काम पुन्हा केले. त्यांतल्याही अनेक प्रतिकृती लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. जे उरले त्यावरून १८९६–९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. अजिंठ्याच्या बाबतीत प्रतिकृती दोनदा जळाल्या आणि मूळ चित्रे झिजत का होईना, डोंगरातच राहिली. बेझेकलिकच्या बाबतीत मूळ चित्रे जळाली आणि छापील पाने राहिली. ग्रिफिथ्सचा ग्रंथ तपासायचा असेल तर आपण लेणे क्रमांक १ मध्ये जाऊन उभे राहू शकतो. ‘खोचो’च्या बाबतीत ती सोय नाही.

या प्लेट छापल्या कशा जात?

रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. कारागीर मूळ नमुना पाहून एकेका रंगाचा भाग त्या त्या दगडावर काढी आणि कागद तितक्या वेळा छापखान्यातून जाई. एखादा दगड किंचित सरकला तरी आकृतीच्या कडेला रंगाची झालर दिसे. हेच तंत्र महाराष्ट्रात राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून घरोघर पोचले. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेला तो छापखाना जर्मन यंत्रसामग्री व तंत्रज्ञांच्या साह्याने चाले आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडेच त्याची मालकी गेली. आपल्या आजीच्या देवघरातील लक्ष्मी आणि त्सानच्या ग्रंथातील पाँपेईची भिंत यांचे तंत्र एकाच घराण्याचे आहे.

कोलोटाइपमध्ये काचेवरच्या जिलेटिनच्या थरावर छायाचित्राची निगेटिव्ह उतरवली जाते आणि त्या थरावरूनच शाई कागदावर येते. भिंगातून पाहिले तर ठिपक्यांची जाळी दिसत नाही, अतिशय बारीक सुरकुत्यांसारखा पोत दिसतो. गिलाव्यावरच्या भेगा, ओरखडे, पोपडे हे सारे त्यात उतरते, म्हणून पुरातत्त्वज्ञांना ही पद्धत प्रिय होती. तिची मर्यादा ही की एका थरावरून मोजक्याच प्रती निघत, आणि म्हणून ग्रंथ महाग होत.

प्लेटमधील रंगांवर कितपत विश्वास ठेवावा?

रंगांच्या परस्परसंबंधावर बराच, पण रंगछटेवर अगदी थोडा. मूळ भिंत, तिचे छायाचित्र किंवा रंगीत नक्कल, छापखान्यातील कारागिराने केलेली रंगांची फोड, शाई आणि शंभर वर्षांत पिवळा पडलेला कागद, एवढ्या टप्प्यांतून रंग आपल्यापर्यंत येतो. ऑनलाइन पाहत असाल तर स्कॅनर आणि पडदा हे आणखी दोन टप्पे वाढतात. शिवाय मूळ भिंतीवरही रंग बदललेले होते: शिशाचा शेंदरी रंग काळाच्या ओघात काळसर होतो, त्यामुळे आज काळपट दिसणारी त्वचा मुळात तशी नसू शकते. याउलट किझिलमधील झगझगीत निळा लाजवर्द दगडाचा आहे आणि तो सहसा टिकतो.

विल्पर्टचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्याने आधी छायाचित्रे घेतली, त्यांच्या मोठ्या प्रतींवर कार्लो ताबानेल्ली या चित्रकाराकडून मूळ भिंतीसमोर बसून जलरंग भरून घेतले आणि त्यावरून प्लेट छापल्या. रेषेची शिस्त त्यामुळे कॅमेऱ्याची राहिली, परंतु रंग एका माणसाच्या डोळ्यांतून आले. प्लेट पाहताना ती छायाचित्रावरून आहे, रंगवलेल्या छायाचित्रावरून आहे की हाताने केलेल्या नकलेवरून, हा पहिला प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर बहुधा प्रस्तावनेत किंवा प्लेटच्या वर्णनात सापडते आणि नेमका तोच भाग वाचक सोडून देतात.

आकाराचेही भान हवे. तीन मीटरचे चित्र अर्ध्या-पाऊण मीटरच्या कागदावर आले की ब्रशचे फटकारे, दुरुस्त्या आणि खालची प्राथमिक रेषा दिसेनाशी होते. चित्रकाराच्या हाताविषयी विधान करायचे असेल तर प्लेट पुरेशी नाही. विषय, मांडणी, वेशभूषा आणि लेख यांच्यासाठी ती उत्तम साधन आहे.

ग्रुनवेडेलच्या ग्रंथांत रेखाचित्रेच अधिक का आहेत? ती कमी दर्जाची मानावीत का?

मुळीच नाही. १९१२ मध्ये निघालेल्या त्याच्या प्राचीन बौद्ध तीर्थस्थळांवरील ग्रंथात ६७८ आकृत्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ गुहांचे आराखडे व हाताने केलेली रेखाटने आहेत. भिंतीवर काजळी, ओरखडे आणि पोपडे असताना छायाचित्रात गोंधळच दिसतो. तासन्‌तास समोर बसलेला अभ्यासक मात्र त्यातून रेषा वेगळी काढू शकतो. उलट बाजू अशी की जेथे रेषा तुटली आहे तेथे त्याने ती मनाने पुरी केली असण्याची शक्यता राहते.

१९२० मध्ये निघालेल्या ‘आल्ट-कुचा’ या त्याच्या ग्रंथातील किझिलच्या एका गुहेचे रेखाटन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बुद्धाचे महापरिनिर्वाण झाले आहे. ही वार्ता एकदम कानी पडली तर राजा अजातशत्रू प्राण सोडील अशी अमात्यांना भीती आहे. म्हणून राजाला आधी तुपाच्या रांजणात बसवले आहे आणि वर्षकार हा मंत्री त्याच्यासमोर दोन्ही हातांनी एक चित्रपट धरून उभा आहे. त्या पटावर जन्म, माराचा पराभव, पहिले प्रवचन आणि महापरिनिर्वाण असे चार प्रसंग आहेत. ते क्रमाने पाहत राजाला सत्य उमगते आणि तो हात उंचावून आक्रोश करतो. भिंतीवरील चित्रात रंगवलेले कापडावरचे चित्र आणि त्या साऱ्याचे कागदावरचे रेखाटन, असे हे तिहेरी नाते आहे. पटावरचे चार प्रसंग भिंतीवर अगदी लहान आकारात असूनही ग्रुनवेडेलच्या रेषेत ते स्वच्छ ओळखता येतात.

इतर कोणते खंड पाहावेत?

ले कॉकने १९२२ पासून मध्य आशियातील बौद्ध कलेच्या उत्तरकाळावर मोठ्या आकाराची मालिका सुरू केली. तिचे सात खंड १९३३ पर्यंत निघाले. पहिला शिल्पांवर, दुसरा मानी पंथीयांच्या लघुचित्रांवर, तिसरा व चौथा भित्तिचित्रांवर आणि उरलेले तीन नव्या सामग्रीवर आहेत. ले कॉक १९३० मध्ये वारला. सहाव्या व सातव्या खंडात एर्न्स्ट वाल्डश्मिट हा सहलेखक आहे. नवख्या अभ्यासकाने ‘खोचो’पासून सुरुवात करून तिसऱ्या खंडाकडे यावे.

एकाच गुहेची वेगवेगळी नावे का आढळतात?

जर्मनांनी किझिलच्या गुहांना त्यांतील चित्रांवरून नावे दिली: चित्रकारांची गुहा, सोळा खड्गधाऱ्यांची गुहा, माया गुहा. नंतर चिनी संशोधकांनी सर्व गुहांना सलग क्रमांक दिले. त्यानुसार चित्रकारांची गुहा २०७ क्रमांकाची आणि सोळा खड्गधाऱ्यांची ८ क्रमांकाची. अजातशत्रूचा प्रसंग असलेली माया गुहा २०५ क्रमांकाची आहे. माया नावाच्या गुहा एकाहून अधिक असल्याने तेथे विशेष सावध राहावे. बेझेकलिकचे जर्मनांचे नववे मंदिर म्हणजे आजची २० क्रमांकाची गुहा. लेखनात दोन्ही नावे द्यावीत.

मजकूर आता जुना झाला आहे. तरी वाचावा का?

कालनिर्णय आणि अर्थनिर्णय यांच्यासाठी नवे संशोधनच पाहावे. ‘आल्ट-कुचा’मधील ग्रुनवेडेलची अनेक धार्मिक स्पष्टीकरणे पुढील अभ्यासकांनी स्वीकारलेली नाहीत, आणि किझिलच्या चित्रांच्या काळाबद्दल जर्मन पिढीने बांधलेला क्रम आज वादाचा विषय आहे. वर्णने मात्र अवश्य वाचावीत. चित्र कोणत्या भिंतीवर होते, काढतेवेळी त्याची स्थिती काय होती, हे भिंत शाबूत असताना पाहिलेल्या माणसाने लिहिले आहे आणि ते दुसरीकडे मिळत नाही.

हे ग्रंथ घरबसल्या पाहता येतात का? त्यांतली चित्रे छापता येतात का?

‘खोचो’सह यांतील अनेक ग्रंथ जपानच्या राष्ट्रीय माहितीशास्त्र संस्थेने तोयो बुंको ग्रंथालयातील प्रतींवरून डिजिटल रूपात विनामूल्य उपलब्ध केले आहेत. जुन्या जर्मन कलाग्रंथांचा मोठा साठा हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरही आहे. ‘खोचो’चे पुनर्मुद्रण ऑस्ट्रियातील ग्रात्स येथून १९७९ मध्ये निघाले, ते संदर्भासाठी चांगले आहे, पण रंगांसाठी मूळ आवृत्तीच प्रमाण मानावी.

हक्कांबाबत: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, जर्मनीत ७० वर्षे असा नियम आहे. ले कॉक १९३० मध्ये, ग्रुनवेडेल १९३५ मध्ये आणि विल्पर्ट १९४४ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे ग्रंथ दोन्हीकडे मुक्त आहेत. वाल्डश्मिट १९८५ पर्यंत हयात होता, म्हणून सहाव्या व सातव्या खंडाचा मजकूर वापरताना परवानगीचा प्रश्न येतो.

जुनी सुटी प्लेट विकत घेताना काय पाहावे?

शक्य असेल तर घेऊच नये, अशी आमची मनापासूनची विनंती आहे. पूर्ण ग्रंथ सुटे करून प्लेट एकेक विकल्या की वर्णनाचा खंड बेवारस होतो आणि आणखी एक संदर्भप्रत नाहीशी होते. प्लेट आधीच सुटी झालेली असेल तर ग्रंथाचे नाव व प्लेट क्रमांक कायम आहेत ना, कडा कापलेल्या नाहीत ना, हे पाहावे आणि भिंगातून छपाईची पद्धत तपासावी. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते उत्तरकालीन पुनर्मुद्रण असण्याचा संभव आहे.

भारतात यांपैकी मूळ काही पाहता येते का?

जर्मनांनी नेलेली चित्रे भारतात नाहीत. परंतु ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन याने आपल्या तिसऱ्या मोहिमेत बेझेकलिकहून काढलेली भित्तिचित्रे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. त्याच दरीतील भिंती आहेत, म्हणून ‘खोचो’च्या प्लेट पाहिल्यावर गिलाव्याचा पोत आणि रेषेची जाडी प्रत्यक्ष कशी असते हे समजून घेण्यासाठी आपल्याकडच्या अभ्यासकाने आधी दिल्ली गाठावी, मग बर्लिनचा विचार करावा.

लेखात किंवा प्रबंधात या प्लेटचा संदर्भ कसा द्यावा?

ग्रंथाचे नाव, वर्ष आणि प्लेट क्रमांक यांबरोबर स्थळ, गुहेचे जर्मन नाव व चालू क्रमांक आणि बर्लिन संग्रहालयाचा नोंदक्रमांक द्यावा. हा नोंदक्रमांक रोमन तीनच्या आकड्याने सुरू होतो. मूळ चित्र अस्तित्वात आहे, युद्धात नष्ट झाले आहे की अन्य संग्रहालयात आहे, हे एका वाक्यात नमूद करावे. आणि आपण छापील प्लेट पाहिली, पुनर्मुद्रण पाहिले की पडद्यावरचे स्कॅन पाहिले, हेही लिहावे, म्हणजे रंगाविषयीचे आपले विधान वाचकाला योग्य त्या मर्यादेत तपासता येईल.